लाखाचा डाय, हजाराची नोंद

भोसरी एमआयडीसीत एखादी वस्तू बाजारात चालायला लागली की तिची नक्कल निघायला फार दिवस लागत नाहीत. कुणी कुलूप तोडून काही चोरत नाही. दुकानातून रीतसर बिल करून एक नग आणला जातो, टूलरूममधल्या सरफेस प्लेटवर ठेवला जातो, व्हर्नियर आणि हाइट गेज लावून मापं घेतली जातात. अंगाला वळणं जास्त असतील तर थ्रीडी स्कॅनर फिरवतात आणि त्याच दिवशी संगणकावर मॉडेल तयार. मग कोअर, कॅव्हिटी, आणि ट्रायल शॉट. मूळ मालकाने क्लिप कुठे तुटते, प्लास्टिक कुठे आकसतं, रंग कुठे उडतो हे शोधण्यात महिने घातलेले असतात. नक्कल करणाऱ्याला ते सगळं आयतं मिळतं. शिवाय प्रयोगांचा खर्च त्याच्या अंगावर नसतो, त्यामुळे त्याचा नग स्वस्त पडतो. काही वेळा तर दोघांचे डाय एकाच टूलरूममध्ये बनलेले असतात.

सांगवी तशी राहण्याची वस्ती. मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यातली. कारखाने इथे फारसे नाहीत, पण सकाळी भोसरी, तळवडे, चिखली, चाकणकडे निघणाऱ्यांत नोकरदार असतात तसे स्वतःचा गाळा चालवणारेही असतात. त्यांच्यापैकी ज्याच्या वस्तूची नक्कल झाली त्याला विचारलं तर हमखास एकच उत्तर मिळतं, ‘पेटंट काढायला पाहिजे होतं.’ माझं म्हणणं असं की त्यातल्या बहुतेकांना पेटंट मिळालंच नसतं. जे सहज मिळालं असतं, ती डिझाइनची नोंदणी. तिचा विचार वेळेत कुणी केलेला नसतो. आणि ती वेळ हुकण्याला बहुतेकदा मालकाची स्वतःचीच घाई कारण असते.

दुचाकीच्या हँडलला लावायचा मोबाइल होल्डर घ्या. घरपोच सामान पोचवणाऱ्या पोरांमुळे त्याला भरपूर मागणी आहे. समजा तुम्ही तो बनवलात. खड्ड्यात आपटल्यावर फोन उडू नये म्हणून पकड आपोआप घट्ट होईल अशी नवी यंत्रणा आत बसवलीत, तर ती यंत्रणा हा पेटंटचा विषय. होल्डर बाहेरून कसा दिसतो, त्याची वळणं, खाचा, बाजूची नक्षी, एकंदर डौल, हा डिझाइनचा विषय. त्यावर तुम्ही छापलेलं नाव हा ट्रेडमार्कचा विषय. एकाच वस्तूवर तिन्ही हक्क असू शकतात, पण एकाची उणीव दुसरा भरून काढत नाही. आकाराच्या नोंदणीने आतली यंत्रणा सुरक्षित होत नाही. 2000 सालच्या डिझाइन्स कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे: तयार वस्तूत केवळ डोळ्यांना जे दिसतं आणि डोळ्यांनीच ज्याचा निवाडा होतो तेवढंच डिझाइन; बांधणीचं तत्त्व किंवा निव्वळ यांत्रिक करामत त्यात येत नाही.

आधी पेटंटचं बघू. 1970च्या पेटंट कायद्याला तीन गोष्टी लागतात. शोध जगात कुठेही आधी जाहीर झालेला नसावा, तो उद्योगात वापरता यावा, आणि त्या धंद्यातल्या जाणकाराला तो सहज सुचण्यासारखा नसावा. छोट्या वर्कशॉपचा घात होतो तो या तिसऱ्या अटीवर. या बाबतीत आपल्याकडचा पायाभूत निकाल मोठ्या कंपनीचा नाही, उत्तर प्रदेशातल्या भांडी बनवणाऱ्यांचा आहे. पितळी आणि जर्मन सिल्व्हरची भांडी लेथवर घासून चकचकीत करताना ती चकमध्ये धरावी लागत किंवा हेडस्टॉकला चिकटवावी लागत. त्यात वेळ जाई, आणि भांडं सुटून कामगाराला लागण्याचा धोका असे. हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या भागीदारी पेढीने 1951 मध्ये टेलस्टॉकच्या दाबाने भांडं पकडायची पद्धत काढली आणि तिचं पेटंट घेतलं. काम झटपट झालं, फिनिश सुधारलं, धोका कमी झाला. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या दुसऱ्या पेढीने तीच पद्धत वापरली आणि प्रकरण कोर्टात गेलं. 13 डिसेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट रद्द ठरवलं. टेलस्टॉक जुनाच, दाबून धरणं जुनंच. सुधारणा उपयोगी असली तरी ती वर्कशॉपमधली सुधारणा आहे, शोध नाही, असा त्याचा मथितार्थ.

कुठल्याही फिटरला हा निकाल जिव्हारी लागेल. आपल्या पट्ट्यातली हुशारी बरीचशी याच जातीची आहे. फिक्स्चरमध्ये एक पिन वाढवली आणि जॉब लावायचा वेळ निम्मा झाला, दोन ऑपरेशनं एका सेटिंगमध्ये आणली, क्लॅम्प उलटा बसवला. कंपनीचे लाखो रुपये वाचतात, पण कायद्याच्या लेखी तो शोध ठरेलच असं नाही. त्यात पेटंट कायद्याचं कलम 3(एफ) आहेच: आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या माहितीतल्या साधनांची नुसती जुळवाजुळव म्हणजे शोध नव्हे.

मोठ्यांनाही हा रस्ता सोपा गेलेला नाही, आणि त्याचा सगळ्यात जवळचा दाखला आपल्या आकुर्डीचाच आहे. 23 एप्रिल 1946 रोजी इटलीतल्या पियाजिओ कंपनीने फ्लॉरेन्समध्ये व्हेस्पा स्कूटरच्या पेटंटचा अर्ज दाखल केला. पुढे 1960च्या सुमारास बजाजने पियाजिओच्या परवान्याने भारतात व्हेस्पा बनवायला सुरुवात केली. 1971 मध्ये तो करार संपला आणि लगोलग बजाजची स्वतःच्या नावाची चेतक आली. दिसायला ती व्हेस्पाच्या घराण्यातली हे सांगायला तज्ज्ञ नको. भारतात त्यावरून काही अडलं नाही. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. पण बजाज ती परदेशी पाठवू लागली तेव्हा, 1980च्या दशकाच्या सुरुवातीला, पियाजिओने अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि हाँगकाँगमध्ये पेटंटभंगाचे दावे लावले. बजाजची स्कूटर निर्यात घसरली. हे हक्क देशापुरते असतात. एका देशात उघडपणे विकली जाणारी वस्तू दुसऱ्या देशाच्या बंदरावर अडू शकते. चाकणहून जर्मनीला माल पाठवणाऱ्या छोट्या पुरवठादारानेही हे लक्षात ठेवायला हवं.

वीस-पंचवीस वर्षांनी भूमिका बदलल्या. आता बजाज फिर्यादी होती. पल्सरमुळे घराघरात पोचलेलं डीटीएस-आय, म्हणजे छोट्या इंजिनाच्या एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, याचं पेटंट बजाजने 2002 मध्ये मागितलं आणि 2005 मध्ये तिला ते मिळालं. 2007 मध्ये टीव्हीएसने 125 सीसीची ‘फ्लेम’ जाहीर केली, तिलाही दोन प्लग. दोघेही मद्रास उच्च न्यायालयात गेले: टीव्हीएस म्हणाली की बजाज विनाकारण धमकावते, बजाज म्हणाली की आमचं पेटंट मोडलं. टीव्हीएसचा बचाव दुहेरी होता. आमच्या इंजिनात तीन व्हॉल्व्ह आहेत, तुमच्यात दोन. आणि दोन प्लगची कल्पना तुमच्या आधीची, होंडाच्या जुन्या पेटंटमध्येही ती आहे. बजाजचं उत्तर असं की 45 ते 70 मिलिमीटर बोअरच्या छोट्या इंजिनात पातळ मिश्रण जाळण्यासाठी ती अशा रीतीने वापरणं हा आमचा शोध. 16 फेब्रुवारी 2008 रोजी एकसदस्यीय पीठाने फ्लेमवर बंदी घातली. टीव्हीएसने तीच गाडी एका प्लगवर बाजारात आणली. मे 2009 मध्ये खंडपीठाने बंदी उठवली. बजाज सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे 16 सप्टेंबर 2009 रोजी न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीचा हिशेब ठेवून गाडी विकू दिली आणि एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: पेटंट, ट्रेडमार्क, कॉपीराइटचे दावे रोजच्या रोज ऐकून साधारण चार महिन्यांत निकाली काढा.

चार महिने! दोन्ही कंपन्यांची तडजोड झाली ती 2019 मध्ये. तोवर फ्लेम हे नावही लोक विसरले होते.

बजाजकडे वकिलांची फौज होती, पैसा होता, उत्पादन थांबायची भीती नव्हती. भोसरीच्या टी ब्लॉकमधल्या वीस बाय चाळीसच्या गाळ्याला असा लढा झेपायचा नाही, हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे. तरीही यंत्रणा खरोखर नवी असेल तर पेटंटचा अर्ज करावाच, कारण सरकारी फी लोकांना वाटते तितकी नाही. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे 1,600 रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचे 4,000 रुपये लागतात. मोठ्या कंपनीला हेच 8,000 आणि 20,000 रुपये. तिसऱ्या ते विसाव्या वर्षापर्यंत पेटंट जिवंत ठेवण्याची वार्षिक फी लघुउद्योगाला एकंदर 76,800 रुपये पडते. खरा खर्च एजंटचा, कारण दावे कसे लिहिले यावर पेटंटची किंमत ठरते आणि ते काम भाच्याने नेटवरून नमुना उतरवून करायचं नाही. यंत्रणा अजून पक्की झाली नसेल तर तात्पुरतं विवरणपत्र दाखल करून तारीख धरून ठेवता येते. पूर्ण विवरण द्यायला बारा महिने मिळतात. लघुउद्योगांना आणि अर्जदार महिला असेल तर तिलाही जलद परीक्षण मागता येतं. याचा फायदा फार कमी लोक घेतात.

मग त्या वर्कशॉप सुधारणांचं काय? जर्मनीने 1891 पासून त्यांच्यासाठी वेगळी सोय केली आहे. पेटंटपेक्षा छोटा, कमी मुदतीचा, सखोल तपासणीशिवाय पटकन मिळणारा हक्क. तिथल्या लहान कारखानदारांसाठीच तो आणला गेला. जपान आणि चीनमध्येही तो आहे, आणि चीनमध्ये तर त्याचे अर्ज भरमसाट पडतात. आपल्याकडे केंद्राच्या औद्योगिक धोरण विभागाने 2011 मध्ये त्यावर चर्चापत्र काढलं, पुढे कायदा आला नाही. विरोधकांचं म्हणणं अगदीच फोल नाही: तपासणीशिवाय हक्क वाटले तर जो तो किरकोळ बदलावर हक्क सांगून शेजाऱ्याला नोटिसा पाठवील. तरी ज्या देशात लेथवरची अक्कल एवढी आहे, तिथे तिला कायद्यात घर नसावं हे मला पटत नाही. लघुउद्योग संघटना वीजदर आणि रस्त्यांसाठी निवेदनं देतात, तसं यावरही एखादं द्यायला हरकत नाही.

सध्या हाताशी आहे ती डिझाइन नोंदणी, आणि ती लघुउद्योगाला फार सोयीची आहे. मुदत दहा वर्षं, आणखी पाच वाढवून मिळतात. लघुउद्योगाला अर्जाची फी 1,000 रुपये, इतरांना 4,000. अर्ज ऑनलाइन करता येतो. मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातही देता येतो, तपासणी मात्र कोलकात्याच्या डिझाइन विभागात होते. हरकती निघाल्या तर त्यांचं निराकरण अर्जापासून सहा महिन्यांत, मुदतवाढ घेतली तर नऊ महिन्यांत करावं लागतं. पेटंटशी तुलना करता हा वेग बरा.

अर्जाचा गाभा म्हणजे चित्रांची काही ए-फोर पानं. वस्तू समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि तिरक्या कोनातून. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे स्वच्छ फोटो किंवा रेखाचित्रं चालतात. त्यांवर मापं घालायची नाहीत, कंपनीचा लोगो दिसू द्यायचा नाही. प्रत्येक पानाखाली एक वाक्य येतं: नावीन्य अमुक वस्तूच्या दाखवलेल्या आकारात आणि रचनेत आहे. त्याखाली सूट: वस्तूच्या यांत्रिक कार्यावर किंवा चित्रातल्या अक्षरांवर आमचा दावा नाही. एवढंच. पण त्या पहिल्या वाक्यात ‘आकार आणि रचना’ लिहायचं की ‘पृष्ठभागावरची नक्षी’, यावर पुढे कोर्टातला सगळा खेळ अवलंबून असतो. डब्याचा घाट तुमचा असेल आणि तुम्ही नक्षीवर दावा केलात, तर उद्या कुणी साध्या अंगाचा तोच डबा काढील आणि तुम्ही हात चोळत बसाल. वस्तू कुठल्या वर्गात टाकायची हेही बघावं लागतं. स्वयंपाकघरातली भांडीकुंडी सातव्या वर्गात, हत्यारं आणि हार्डवेअर आठव्यात, पॅकिंगच्या बाटल्या आणि डबे नवव्यात, वाहनं बाराव्यात, असे बत्तीस वर्ग आहेत.

आता ती घाईची गोष्ट. डिझाइन नवीन असलं पाहिजे, आणि नवीन म्हणजे अर्जाच्या तारखेआधी भारतात किंवा जगात कुठेही छापून किंवा वापरून जाहीर न झालेलं. जाहीर करणारा कोण याला महत्त्व नाही. मालकाने स्वतः जाहीर केलं तरी नावीन्य गेलं. पिंपरी-चिंचवड महापालिकेची पवनाथडी जत्रा सांगवीच्या पीडब्ल्यूडी मैदानावर अनेकदा भरली आहे. बचत गटाच्या बायका तिथे मसाले, पिशव्या, दिव्यांचे स्टँड, शोभेच्या वस्तू मांडतात. ही त्यांच्या कष्टाची कमाई आहे आणि ती मांडलीच पाहिजे. पण एखादीने नवीन घाटाचा दिवा तिथे पहिल्यांदा मांडला, तो विकला, आणि मागणी बघून महिनाभराने नोंदणीचा अर्ज केला, तर कायद्याने तिचा दिवा जुना झालेला असतो. प्रदर्शनात मांडूनही सहा महिन्यांत अर्ज करायची सवलत कलम 21 मध्ये आहे, पण केंद्र सरकारने अधिसूचनेने त्या कलमाखाली आणलेल्या प्रदर्शनांनाच, आणि मांडण्याआधी कार्यालयाला ठरावीक नमुन्यात कळवलं असेल तरच. जत्रेच्या स्टॉलला ती आपोआप लागू होत नाही.

मोबाइलने ही घाई आणखी वाढवली आहे. पहिला नग साच्यातून निघाला की त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर, ग्रुपवर, इन्स्टाग्रामवर, इंडियामार्टच्या पानावर. समोरच्याच्या वकिलाला दुसरा पुरावा लागत नाही. तुमच्याच पोस्टवरची तारीख तो कोर्टापुढे ठेवतो. नोंदणी मिळालेली असली तरी कलम 19 खाली कोणीही हितसंबंधी माणूस ती रद्द करायचा अर्ज करू शकतो. गिऱ्हाइकाला सॅम्पल दाखवणं भाग असतं, हे खरं. विश्वासाने दाखवलेलं आणि त्याने विश्वास मोडून जाहीर केलेलं कायदा माफ करतो, पण विश्वासाने दाखवलं हे सिद्ध तुम्हाला करावं लागतं. म्हणून सॅम्पल देताना चलनाबरोबर एका कागदावर ‘गोपनीय, मूल्यमापनासाठी’ लिहून सही घ्यावी. परचेसवाले सुरुवातीला हसतात, मग सही करतात.

नोंदणी हाती असली की ती किती कामाला येते? मुंबई उच्च न्यायालयातली दोन प्रकरणं बोलकी आहेत. व्हर्लपूलने 2009 मध्ये एका वॉशिंग मशीनच्या आकाराची नोंदणी केली; एका बाजूने चौकोनी आणि दुसऱ्या बाजूने गोलसर असं त्याचं वेगळं अंग होतं. 2012 मध्ये औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने ‘पेबल’ नावाचं तसंच दिसणारं मशीन आणलं, आणि वर तिनेही त्याची नोंदणी करून घेतली होती. तिचा युक्तिवाद: माझ्याकडे नोंदणी आहे, मग मी भंग कसा केला? न्यायालयाने हे मानलं नाही. 2014च्या निकालात ठरलं की नंतर नोंदणी केलेल्यावरही आधीचा नोंदणीधारक दावा लावू शकतो. दुसरं सेलोचं. तिच्या ‘प्युरो’ या दुरंगी पाण्याच्या बाटलीसारखी ‘कुडोज’ ही बाटली मॉडवेअरने आणली. बाटली म्हणजे नळकांडंच की, त्यात नवीन काय, असा प्रतिवादीचा सूर होता. 2017 मध्ये न्या. गौतम पटेल यांनी सेलोच्या बाजूने अंतरिम मनाई दिली. दहा जुन्या बाटल्यांतून एकेक अंग उचलून ‘हे सगळं आधीचंच’ म्हणता येत नाही. डोळ्यासमोर येते ती अख्खी बाटली.

म्हणजे तुमच्या डब्यात, बाटलीत, होल्डरमध्ये एकेक रेघ जगावेगळी असण्याची गरज नाही. एकूण रूप वेगळं आणि तुमचं असलं पाहिजे.

दावा मात्र सोपा नाही. भंगासाठी कायद्यातली ठरावीक रक्कम हास्यास्पद आहे: एका नकलेला 25,000 रुपये, आणि एका डिझाइनमागे जास्तीत जास्त 50,000. डायच्या नुसत्या पॉलिशला याहून अधिक लागतात. त्याऐवजी नुकसानभरपाई आणि मनाई मागता येते आणि खरी ताकद त्या मनाईत आहे. दावा जिल्हा न्यायालयापासून वर लावायचा, म्हणजे आपल्यासाठी शिवाजीनगर. पण समोरच्याने ‘यांची नोंदणीच चुकीची’ असा बचाव घेतला, आणि तो घेतोच, की प्रकरण कलम 22(4) प्रमाणे उच्च न्यायालयाकडे जातं. मुंबईच्या वकिलाचं मीटर तिथून सुरू होतं. म्हणून बहुतेक प्रकरणांत नोंदणीचा खरा उपयोग कोर्टाबाहेर होतो: नोटीस, डीलरला पत्र, ऑनलाइन विक्रीच्या साइटवर तक्रार. प्रमाणपत्राची प्रत जोडली की नक्कल केलेल्या मालाचं पान उतरवून घेणं सोपं जातं. आयात होणाऱ्या नकलेसाठी कस्टम्सकडे आपल्या डिझाइनची नोंद करून ठेवता येते. आणि वस्तूवर नोंदणी क्रमांक उठवायला विसरू नका. तो नसेल तर भरपाई मागताना अडचण येते. साच्यातच कोरून घ्या.

‘आमच्याकडे ड्रॉइंग आहे, कॉपीराइट आपोआप मिळतोच’ असंही काही जण म्हणतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम 15(2) कडे त्यांचं लक्ष नसतं. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी गोष्ट तुम्ही नोंदवली नाहीत, आणि कारखान्यात तिचे पन्नासहून जास्त नग काढलेत, की तिच्यातला कॉपीराइट संपतो. चाकणमध्ये पन्नास नग एका चहाच्या सुट्टीआधी निघतात. एलएनजीच्या टाक्या वाहणाऱ्या ट्रेलरच्या अभियांत्रिकी चित्रांवरून बडोद्याच्या आयनॉक्स इंडियाने लावलेल्या दाव्यात 15 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने यासाठी दोन टप्प्यांची कसोटी घालून दिली. आधी बघायचं की चित्र हे स्वतंत्र कलाकृती आहे की औद्योगिक वस्तूला लावलेलं डिझाइन. मग वस्तूत कार्य प्रधान आहे की रूप. ज्यांचं सारं भांडवल ड्रॉइंगच्या फाइलमध्ये आहे, त्यांनी हा निकाल आपल्या वकिलाला विचारून समजून घ्यावा.

आपल्या पट्ट्यात मालकीचा घोळ आणखी वेगळा असतो. इथले बहुतेक गाळे जॉबवर्कवर चालतात. कंपनीच्या ड्रॉइंगप्रमाणे पार्ट बनवला तर डिझाइन कंपनीचं, त्यात वाद नाही. पण कंपनीने नुसती गरज सांगितली, आकार तुम्ही काढला, आणि त्यासाठी तिने तुम्हाला पैसे दिले, तरीही वेगळा करार नसेल तर कायदा मालक तिलाच मानतो. हाच नियम उलटाही लागू आहे: तुम्ही बाहेरच्या डिझायनरला पैसे देऊन होल्डरचा आकार काढून घेतलात तर मालक तुम्ही. पेटंटमध्ये तसं नाही. तिथे शोध लावणाऱ्याचं नाव लागतं आणि त्याच्याकडून हक्क लिहून घ्यावा लागतो. पर्चेस ऑर्डरच्या मागच्या बारीक अक्षरांत याबद्दल काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचावं. टूलरूमवाल्याकडून डाय बनवून घेताना डाय, त्याचं कॅड मॉडेल आणि प्रोग्राम तुमच्या मालकीचे, तो दुसऱ्यासाठी वापरणार नाही, हे ऑर्डरमध्येच लिहावं. नक्कल थांबवायला पुष्कळदा तेवढी एक ओळ पुरते.

2022 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या एमएसएमई इनोव्हेटिव्ह योजनेत नोंदणी मिळाल्यावर डिझाइनसाठी 15,000 रुपयांपर्यंत, भारतीय पेटंटसाठी एक लाखापर्यंत आणि परदेशी पेटंटसाठी पाच लाखांपर्यंत खर्च परत मिळण्याची तरतूद आहे. उद्यम नोंदणी असली की दार उघडं. योजना सध्या कशी चालू आहे ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

साच्याचं मॉडेल पक्कं झालं की ट्रायलची वाट न बघता त्याची सात चित्रं काढून अर्ज टाका. ऑनलाइन अर्ज केला की अर्ज क्रमांक आणि तारीख त्याच वेळी मिळते, आणि तुमचा हक्क त्या तारखेपासून धरला जातो. स्टेटसवर फोटो त्यानंतर टाका.